आयफोनला सॉफ्टवेअर मारताना: आठ महिन्यांनंतर

दुकान छोटं आहे, चार्जिंग पिन आणि डिस्प्लेचंच काम जास्त. आठ महिन्यांपूर्वी एक सेकंडहँड विंडोज लॅपटॉप घेतला, त्यावर आयट्यून्स (आयफोन कॉम्प्युटरला जोडायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि आयफोनचं सॉफ्टवेअर मारायला, म्हणजे नव्याने बसवायला सुरुवात केली. वाटलं होतं, बटण दाबायचं आणि चहा पिऊन यायचं.

पहिला दणका एरर 4013 चा. आयफोन 11, मेमरी गच्च, अपडेट घेता घेता लोगोवर अडकलेला. मावशी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, नातवाचे फोटो तेवढे राहू द्या." म्हणून सगळा डेटा पुसणाऱ्या 'रिस्टोअर'ला हात न लावता 'अपडेट' दाबलं, त्यात डेटा तसाच ठेवून नुसतं सॉफ्टवेअर नव्याने बसतं. तीनदा निम्म्यावर जाऊन एरर. फोनच्या आतल्या बोर्डाचं काम आहे असं सांगूनही बसलो होतो. मग मधलं यूएसबी हब काढून वायर थेट लॅपटॉपला लावली. फोन उठला, फोटोंसकट.

9, 4005, 4013, 4014 हे आकडे दिसले की समजायचं, मध्येच फोन आणि कॉम्प्युटरचा संपर्क तुटलाय. हे काम चालू असताना फोन स्वतःच बंद-चालू होतो, लॅपटॉपला तो पुन्हा ओळखावा लागतो, आणि ढिली वायर नेमकी तिथे दगा देते. चार्जिंग होतंय म्हणजे वायर चांगली, असं नाही. डेटाच्या तारा वेगळ्या असतात.

3194 या एररला मात्र वायरीचा संबंध नव्हता. रिस्टोअरला दर वेळी अ‍ॅपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते, आणि लॅपटॉपच्या आधीच्या मालकाने होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते कॉम्प्युटरला सांगणारी फाइल) त्या सर्व्हरचा पत्ता भलतीकडे वळवून ठेवला होता. कधीतरी जेलब्रेकचा, म्हणजे आयफोनवरची अ‍ॅपलची बंधनं तोडायचा उद्योग केला असणार. ती ओळ उडवली, काम झालं.

नेट स्लो असेल तर अजून एक गंमत. डाउनलोडला 15 मिनिटांपेक्षा जास्त लागले की फोन रिकव्हरी मोडमधून (सॉफ्टवेअर बसवण्यासाठी फोनला ठेवतात ती अवस्था) बाहेर पडतो. डाउनलोड पुरं होऊ द्यायचं आणि बटणं पुन्हा दाबायची: व्हॉल्यूम वरचं, खालचं, मग साइडचं धरून ठेवायचं. लोगो दिसला तरी सोडायचं नाही, वायर आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत. माझा पोऱ्या अजूनही लोगोवरच सोडतो.

दोन-तीन वायरी आणि दुसरा कॉम्प्युटर लावूनही 4013 हटला नाही तरच आता फोन उघडतो. पाण्यात पडलेले बहुतेक त्यातलेच निघाले.

ते हब टाकलं नाही. माऊस लावायला चालतं.