फासेलिस: भग्न नगराच्या बंदरात पोहताना

नागपूरच्या एका सहल कंपनीबरोबर तुर्कस्तानला गेलो असता अंताल्या शहराच्या नैऋत्येस असलेले फासेलिस पाहिले. इ.स.पू. ७व्या शतकात ऱ्होड्स बेटावरून आलेल्या ग्रीकांनी वसवलेल्या या नगराला ३ बंदरे होती, आणि रोमन काळातील दगडी जलवाहिनीच्या कमानींजवळून पाइनच्या सावलीत चालत गेले की त्यांपैकी एकाच्या नितळ पाण्यात थेट उतरता येते. पायाखाली खडे-गोटे असल्याने रबरी चपला हव्यातच. जन्मभर जलतरण तलावाच्या क्लोरीनमध्ये पोहलेल्या माझ्यासारख्या नागपूरकराला, खारे पाणी अंग आपोआप उचलून धरते, याचेच (अवशेषांहून अधिक!) नवल वाटले. कंपनीने येथे जेमतेम दीड तास दिला आणि त्यातलाही बराचसा तिकिटाच्या रांगेत गेला, हे मात्र खटकले. स्वतंत्र गाडी करून सकाळीच जावे.