उंदीर पळवायचं अल्ट्रासोनिक मशीन: आवाज खरा, पण ट्रॉलीच्या दारापर्यंतच

पाचपैकी दोन स्टार. एक, मशीन खरोखर आवाज करतं म्हणून. दुसरा त्याच्या निळ्या दिव्याला. रात्री पाणी प्यायला उठलं की तो बरा पडतो.

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं अल्ट्रासोनिक टेस्टिंग करतो, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज ओतीव धातूत सोडून त्यातले दोष शोधतो. दिवसभर आवाज सोडणारा प्रोब, ग्रीस आणि स्क्रीनवरचे एको, म्हणजे परत आलेले आवाज. घरी ओट्याखालच्या ट्रॉल्यांमागे उंदीर शिरले, गुळाच्या ढेपेला दात लागले, तेव्हा आईनं हे सॉकेटला लावायचं मशीन मागवायला लावलं. सातशेच्या आत मिळालं. विषाला तिची सक्त ना. मेलेला उंदीर फर्निचरमागे कुजला तर शोधायचा कुणी, हा तिचा सवाल रास्तच आहे.

खोक्यावर दोन दावे आहेत: २५ ते ६५ किलोहर्ट्झ (सेकंदाला तितकी हजार कंपनं), आणि अख्ख्या घराला एक पुरे. पहिला तपासता येण्यासारखा होता. आमच्याकडे कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायचा डिटेक्टर आहे. ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज तो हेडफोनमध्ये ऐकू येईल इतका खाली आणतो. साहेबांना विचारून रविवारपुरता घरी आणला. मशीनसमोर धरला तर खणखणीत चिरचिर. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतो, उंदराचा ८० च्या आसपास पोचतो. म्हणजे समोर बसलेल्या उंदराला हे नक्की ऐकू जातं.

प्रश्न आहे तो समोर न बसलेल्या उंदराचा. मध्ये मच्छरदाणी धरली, काही फरक नाही. जेवणाचं स्टीलचं ताट धरलं, चिरचिर गायब. पण ताटाच्या कडेनं डिटेक्टर टाइल्सकडे वळवला की तिथून आपटून आलेली ऐकू यायची. मग पेपरचं एकच पान मध्ये धरलं आणि डिटेक्टरवरचा आवाजाचा आकडा धपकन खाली आला. आई म्हणाली, "कागदानं काय अडतंय?" अडतं. आवाज पलीकडे जायचा तर मधली वस्तू हलावी लागते. गल्लीतल्या डॉल्बीचा ठोका सेकंदाला ५०-६० वेळा मागं-पुढं ढकलतो, तेवढ्यात भिंतसुद्धा थरथरते. इथं तेच सेकंदाला ४०,००० वेळा घडतं आणि त्या घाईत पेपरच्या पानाचं वजनही जड ठरतं. हिशेब केला तर एक पान २० डेसिबलहून जास्त कापतं, म्हणजे शंभरातला एक भागही पलीकडे जात नाही. प्लायवूडच्या दाराबद्दल बोलायलाच नको.

स्टील आवाजाची लहर खातं, असा मात्र समज करून घेऊ नका. एकदा आत शिरली की ती सेकंदाला ५,९०० मीटरनं पळते. फूटभर जाड स्टीलच्या पलीकडच्या तोंडावरून एको आणणं हे आमचं रोजचं काम. अडतं ते दारातच. हवा आणि स्टील यांचा इतका उभा दावा की हवेतून आलेल्या लहरीचे लाखातले तीन-चार भाग आत जातात, बाकी सगळे परत. प्रोबखाली ग्रीस लावतात ते त्यासाठीच. मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी स्क्रीन कोरी. गोधडीची तऱ्हा वेगळी. ती परत पाठवत नाही, तिच्या धाग्यांतल्या फटींत हवा घासून लहर विरते. ओट्यासमोर गोधडी टांगली तेव्हा टाइल्सवरून येणारी चिरचिरही मंदावली.

शिवाय या लहरीला वळण घेता येत नाही. ४० किलोहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ मिलिमीटर लांबीची, त्यामुळे फ्रिजच्या मागे सरळ सावली पडते. आमचे उंदीर कुठं होते? ट्रॉलीत, फ्रिजमागे आणि माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांत. तिन्ही ठिकाणी हेडफोन गप्प. त्यामुळे दुसरा दावा भिंतीलाच आपटला. कस्टमर केअरला फोन केल्यावर उत्तर मिळालं, "सर, प्रत्येक खोलीत एक लावा." मग खोक्यावर अख्खं घर कशाला छापलंय?

ही तक्रार नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून जास्त उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्याला शास्त्रीय पुरावा हवा. आणि आवाज पोचला तरी उंदीर त्याला सरावतात, ती गोष्ट निराळीच.

मोकळी खोली, उघड्या भिंती, सामान नाही, अशा ठिकाणी हे मशीन कोपऱ्या-कोपऱ्यात पोचेल. पण तसल्या खोलीत उंदीर येईल कशाला?

आमच्याकडे काम झालं ते पिंजऱ्यानं आणि सुक्या खोबऱ्याच्या तुकड्यानं. त्याआधी सिंकच्या पाइपाभोवतीची फट बारीक तारेची जाळी कोंबून सिमेंटनं बुजवली; लहान उंदराला पाव इंचही पुरतो. तरी मशीन घ्यायचंच असेल तर पडदा, फ्रिज किंवा पोतं समोर येणार नाही असा सॉकेट बघा. घरात गिनीपिग किंवा हॅमस्टर पाळला असेल तर अजिबात लावू नका, त्यांनाही हा आवाज ऐकू जातो आणि पिंजऱ्यातून त्यांना पळता येत नाही.