कृती फुकट, पूड अठरा हजारांची

माझ्या आत्याला केसांचं तयार तेल विकून दाखवा, मी तुम्हाला मानेन. साताऱ्याकडच्या तिच्या घरामागे माका, कोरफड आणि जास्वंद आहे. शिकेकाई ती अजून घरी कुटते. दिवाळीच्या उटण्याला गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा असं सगळं सुटं आणून दळून घेते आणि टीव्हीवरच्या केसांच्या तेलांच्या जाहिराती बघून हसते. घरगुती तेलाची कृती सांगून फसवणाऱ्या लोकांना नेमकी अशीच बाई हवी असते. तयार औषध विकायला आलेल्या माणसाला आपण दारातूनच परत पाठवतो. पण ‘बाहेरचं काही घेऊ नका, घरीच करा’ असं सांगणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा?

मुंजीच्या खरेदीसाठी ती पुण्यात आली होती. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला होता आणि त्यानंतर केस मूठमूठ गळत होते, भांग रुंद झाला होता. लक्ष्मी रोडवर मी दुकानात उपरण्यांचे भाव करत होते आणि आत्या बाहेर पायरीवर उभी होती. तिथे एक बाई आली. कमरेपर्यंत जाड वेणी, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी.

“काकू, राग मानू नका हं, पण तुम्हाला मोठा ताप येऊन गेला का?”

आत्या चाट पडली. हिला कसं कळलं? नंतर विचार केल्यावर त्यात काहीच अद्भुत नव्हतं. अचानक केस विरळ झालेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना आधी ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेलं असतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न थायरॉइडचा आला असता.

मग त्या बाईने आपली कहाणी सांगितली. डेंग्यूनंतर डोकं उजाड झालं होतं, एका वैद्यांनी कृती दिली, ही वेणी त्याच तेलाची. वैद्य पैसे घेत नाहीत, त्यांचं व्रत आहे. “लिहून घ्या तुम्ही,” म्हणाली. आत्याने पर्समधल्या वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतलं: काळ्या तिळाचं तेल अर्धा लिटर, माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, मेथीदाणे, कढीपत्ता. यातलं एकही नाव तिला नवं नव्हतं. उलट प्रत्येक वस्तूगणिक तिचा विश्वास वाढत गेला, कारण हे तर ती स्वतःच करत आली होती. यादीत शेवटी एकच नाव अनोळखी होतं, कुठल्याशा मुळीचं, संस्कृत वाटेल असं. ते इथे देत नाही. पुढच्या बाईला वेगळंच सांगणार, यात मला शंका नाही.

आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

ती मुळी म्हणे एकाच ठिकाणी अस्सल मिळते. बाईलाही घ्यायचीच होती, दुकान जवळच्याच गल्लीत होतं. मी फोन केला तेव्हा आत्या म्हणाली, “आलेच गं, काष्ठौषधीच्या दुकानात आहे.” काष्ठौषधीच्या दुकानात ती गेली तर मी कशाला काळजी करू?

दुकानात धन्वंतरीची तसबीर, बरण्यांच्या रांगा आणि पांढरा कोट घातलेला माणूस. वेणीवाल्या बाईने आधी घेतलं, रोख पैसे दिले आणि ती निघून गेली. आत्याने भाव विचारला. “नव्वद रुपये.” कशाचे नव्वद, हे त्याने सांगितलं नाही आणि तिला विचारावंसंही वाटलं नाही. आपल्याकडे काष्ठौषधी शंभर ग्रॅमच्या भावाने सांगतात, नागरमोथा किंवा शिकेकाई त्या मापाला शंभराच्या आत सहज येते. तिने तोच हिशेब धरला. “कोर्स तीन महिन्यांचा, अर्धवट घेतलात तर गुण नाही,” असं म्हणत त्याने दीडशे ग्रॅम मुळी काट्यावर ठेवली, लगेच मिक्सरच्या भांड्यात टाकली, वर आणखी दोनतीन बरण्यांतलं चिमूट चिमूट घातलं आणि बटण दाबलं. पोटात घ्यायच्या भस्माच्या चार पुड्या बांधल्या. मग कॅल्क्युलेटर काढला.

नव्वद रुपये ग्रॅमला होते. मुळीचे १३,५०० आणि पुड्यांचे ४,४००. एकूण १७,९००.

आत्या म्हणाली, नको मला. तर तो म्हणतो, “दळून झालं की हो काकू. तुमच्या नावाने मिसळलेला माल मी आता कोणाला विकू?” आवाज चढवला नाही, शिवीगाळ नाही, फक्त दुकानातली दोन पोरं दाराशी येऊन उभी राहिली. तिच्याकडे मुंजीच्या खरेदीचे सहा हजार होते, ते घेतले. उरलेल्यासाठी एक पोरगा ‘काकूंना एटीएम दाखवायला’ सोबत गेला. हातात पडली एक साधी चिठ्ठी, त्यावर ‘आयुर्वेदिक सामान’ आणि एक आकडा. ना दुकानाचं नाव, ना नंबर.

सगळा खेळ दळण्याच्या त्या मिनिटात आहे. दळण्याआधी ती मुळी असते. परत बरणीत जाऊ शकते, दुसऱ्या दुकानात नेऊन दाखवता येते, भाव ताडून पाहता येतो. दळली की नुसती तपकिरी पूड उरते आणि नकार देणारं गिऱ्हाईकच नुकसान करणारं ठरतं. ठाण्याच्या माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी हाच प्रयोग झाला होता, तिथे भाव तोळ्यावर सांगितला होता. तोळा ऐकला की जुन्या माणसांना सोनं आठवतं, मालही भारी वाटतो. वास्तविक दुकानात माल ग्रॅम-किलोतच विकायला हवा, असा कायदा आहे. ‘कशाचा भाव?’ हा प्रश्न वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाच्या अखत्यारीतला आहे, गिऱ्हाइकाच्या चिकटपणाचा नव्हे.

आत्याने आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. घरी जाऊन तिने तेल मात्र केलं, कारण एवढे पैसे घातले होते. कृतीत सांगितल्याप्रमाणे लोखंडी कढईत मंद आचेवर उकळलं, गाळलं, रात्री मुळांशी जिरवलं. सकाळी कपाळ आणि कानांमागची कातडी लाल, तिसऱ्या दिवशी फोड आणि पाणी, पापण्या सुजलेल्या. तेव्हा तिने मला फोन केला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बघताच विचारलं, “त्यात बिब्बा होता का?” बिब्ब्याचं तेल कातडीला जाळतं हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं, परीट कपड्यांवर त्याने खुणा करत, त्या खुणांनीही काहींच्या मानेवर पुरळ उठायचं. पण उत्तर काय देणार? पाकिटावर एक अक्षर नव्हतं. बिब्बा असेल, नसेल. डॉक्टरांनी लक्षणांवर उपचार केले. पुड्या पोटात घेतल्या नाहीत ना, हे तीनतीनदा विचारलं. नाव-गाव नसलेल्या भस्मांमधून शिसं आणि पारा शरीरात गेल्याचे रुग्ण दवाखान्यांत येत असतात. सुदैवाने मध संपला होता म्हणून आत्याने पुड्या सुरू केल्या नव्हत्या.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्या वेणीवालीने कधीच सांगितलं नसतं. मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. तापाच्या धक्क्याने बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग एकत्र पडतात. मुळं जिवंत असतात, त्यामुळे साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि नवे केस येतात. आहार नीट हवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं, बाकी वाट बघायची. आता हा हिशेब त्या तीन महिन्यांच्या ‘कोर्स’शी जुळवून बघा. गळती ऐन भरात असताना गिऱ्हाईक गाठायचं आणि ती तशीही थांबणार असते तेवढ्या मुदतीचं औषध द्यायचं. म्हणजे पूड कशाचीही असो, गुण येणारच! काही गिऱ्हाइकं मनापासून शिफारस करत असतील, त्यांना कोणी पैसे द्यायची गरजच नाही.

आणखी एक गोष्ट, जी आत्याला अजून पटलेली नाही. डोक्यात कोंडा आणि खाज असेल तर तेल चोपडू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. कोंड्यामागे जी बुरशी असते ती कातडीवरच्या तेलकटपणावरच जगते.

आम्ही दुकानात परत गेलो. मी, माझा नवरा आणि आत्या. तोच कोट, तोच माणूस, ओळख दाखवली नाही. फोड आल्याचे फोटो दाखवले तर म्हणाला, “आम्ही कुठे औषध दिलं? गिऱ्हाईक यादी आणतं, आम्ही सामान देतो. यादी बघा, कोणाचं अक्षर आहे?” यादी आत्याच्याच अक्षरातली होती. वैद्य कोण, ती बाई कोण, त्याला काही ठाऊक नव्हतं.

मग माझ्या नवऱ्याने शांतपणे तीन गोष्टी मागितल्या: पक्कं बिल, दुकानाचा परवाना आणि पुडीतल्या घटकांची नावं. भस्माच्या पुड्या तरी औषधच होत्या, ते काही वाणसामान नव्हतं. औषध नियमांतला १६१ वा नियम सांगतो की आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तयार केल्याची तारीख हवी. अन्न व औषध प्रशासनाचं नाव निघाल्यावर कोटवाल्याने गल्ल्यातून पाच हजार काढून ठेवले, ‘माणुसकी म्हणून’. आम्ही ते घेतले, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यायला नकार दिला. तो कागद कोणी पुढे केला तर सही करू नका.

एटीएममधून पैसे काढल्याची वेळ बँकेच्या नोंदीत होती, माझ्या फोनमध्ये आत्याशी झालेल्या कॉलची वेळ होती, आणि उरलेली पूड व पुड्या. एवढ्यावर पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पूड फेकून देऊ नका, तेल सांडू नका. आत्या रागाने सगळं उकिरड्यावर टाकायला निघाली होती, कसंबसं थांबवलं.

तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना एक सांगून ठेवा: मिक्सर फिरला असला तरी पैसे द्यायचे नाहीत. भाव न सांगता दळला तो दुकानदाराचा माल, त्याचा तोटा त्याने सोसावा. दुकानातून बाहेर येऊन, रस्त्यावर चार माणसांत उभं राहून घरी फोन करावा. एटीएमपर्यंत सोबत येणारा पोरगा रस्त्यात आरडाओरडा झालेला सहन करू शकत नाही, हा आमच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचा अनुभव. त्यांनी बँकेच्या सुरक्षारक्षकाला हाक मारली, आणि तो पोरगा गर्दीत दिसेनासा झाला.

आत्याचे केस आता परत आले आहेत, भांगाशी बोटभर उभे. शेजारच्या काकू मागच्या महिन्यात तेलाची कृती मागायला आल्या होत्या. आत्याने त्यांना सगळी हकिकत सांगितली, फोडांचे फोटो दाखवले. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण ती मुळी कुठली म्हणालात?”