घोड्यांची पदवी, खराडीचं ऑफिस आणि ४ लाख ६० हजार

खराडीत काचेच्या एका इमारतीत ‘बी.एससी. इक्वाइन सायन्स’ (म्हणजे अश्वविज्ञान) नावाचा तीन वर्षांचा कोर्स विकला जात होता. शिकायचं पुण्यात, पदवी इंग्लंडची, नोकरी दुबईला नाहीतर आयर्लंडला. माझ्या बहिणीने आणि दाजींनी त्यापायी ४ लाख ६० हजार रुपये घालवले. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार दाखल आहे, आणि मधल्या काळात त्यांनी पाटीही बदलली आहे. पाटी बदलली तरी पद्धत तीच राहणार, म्हणून पद्धत लिहितो.

मी शिवाजीनगर कोर्टाबाहेर टायपिंगचं काम करतो. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा. फसवणुकीचे कागद रोज हाताखालून जातात आणि बहुतेकांत खोटेपणा पहिल्या पानावरच दिसतो. या मंडळींचं माहितीपत्रक मात्र मी तीनदा वाचलं आणि एकेक वाक्य सुटं घेतलं तर जवळपास सगळं खरं निघालं. पुण्याचं रेसकोर्स १८३० पासूनचं, खरं. भारतातल्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या वंशावळी नोंदवणारं स्टड बुकचं कार्यालय पुण्यात, खरं. खडकवासल्याला एनडीएच्या कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात, तेही खरं. शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत असलेल्या घराण्याने १९६६ मध्ये इथेच सीरम इन्स्टिट्यूट उभी केली, खरंच आहे. आयर्लंडमध्ये लिमेरिकला, इंग्लंडमध्ये हार्टपुरीला, अमेरिकेत ॲरिझोनाला घोड्यांच्या विषयातले विद्यापीठाचे अभ्यासक्रम चालतात, हेही बरोबर. आता या सगळ्याचा खराडीच्या त्या ऑफिसशी काय संबंध, एवढं एकच वाक्य पत्रकात नव्हतं. शेजारी शेजारी छापलं की वाचणारा संबंध आपला आपण लावतो. खोटा होता तो सांधा, आणि तो त्यांनी कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. पोलिसांसमोर याचा त्यांना किती उपयोग झाला ते पुढे येईल.

बहिणीचं सासर दौंडच्या पलीकडे, भीमेकाठी. हा मुलूखच भीमथडी तट्टांचा. मराठ्यांच्या फौजेतला हा काटक घोडा आता धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहतो, आणि अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. मेंढरांचे वाडे रानात उतरले की भाची लहानपणापासून त्या तट्टांच्या मागे असायची. बारावीनंतर तिला एकच व्हायचं होतं, घोड्यांची डॉक्टर. नीटचे मार्क पशुवैद्यकीयला कमी पडले आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर यांची जाहिरात आली. आपण काय शोधतोय ते मोबाईलला कळतं, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे.

ऑफिसात बसलेला माणूस गोड बोलणारा. “ताई, इंजिनिअर गल्लोगल्ली आहेत. घोड्यांचे तज्ज्ञ देशात किती? बोटावर मोजण्याइतके.” बहिणीने सरळ विचारलं, “पण ती डॉक्टर होईल ना?” त्यावर तो म्हणाला, “डॉक्टरच्या वरची, ताई. इक्वाइन सायंटिस्ट.” हा प्रश्न त्याने हो-नाहीत उत्तर न देता उडवला, आणि सगळी गोम तिथेच आहे. कारण खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. भारतात जनावरांवर उपचार करायचे तर बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पदवी आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते, तसा १९८४ चा कायदा आहे. परदेशातल्या खऱ्याखुऱ्या विद्यापीठातून इक्वाइन सायन्स केलं तरी माणूस पशुवैद्य होत नाही. त्या पदवीत घोड्याचा आहार, पैदास, व्यायामाचं शरीरशास्त्र, वर्तन, तबेल्याचं व्यवस्थापन शिकवतात. शिक्षण चांगलं आहे, पण इंजेक्शन हातात घेण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

दाजींनी शैक्षणिक कर्जासाठी बँकेत अर्ज केला. बँकेने संस्थेच्या मान्यतेचा कागद मागितला. तो आला नाही, अर्ज परत आला. ऑफिसातल्या माणसाने हसून सांगितलं, “बँकवाल्यांना या फील्डची माहिती नसते, दाजी.” (दाजी! दुसऱ्या भेटीत.) आणि त्यानेच एका ॲपवरून दाजींच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढून दिलं. व्याजदर इथे लिहिला तर दाजींना परत ताप भरेल. आधी ‘सीट ब्लॉकिंग’चे २५ हजार घेतले होते, मग हप्ते, मग स्टड फार्मवरच्या (घोड्यांची पैदास करतात तिथल्या) इंटर्नशिपसाठी ६० हजार ‘अनामत’. काही रक्कम फर्मच्या खात्यात, काही एका व्यक्तीच्या बचत खात्यात यूपीआयने.

वर्ग सुरू झाला. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडची मुलं, बहुतेक गावाकडची आणि घोड्यांची खरी आवड असलेली. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. पहिल्याच आठवड्यात सरांनी घोड्याची उंची शिकवली. उंची ‘हातां’त मोजतात आणि एक हात म्हणजे ४ इंच, इथवर ठीक. मग फळ्यावर घोडा काढून रेघ थेट कानापर्यंत नेली. भाची म्हणाली, “सर, उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंत धरतात ना? मान तर वर-खाली होते.” सर म्हणाले, “ते आपल्या तट्टांचं. इंटरनॅशनल सिस्टीम वेगळी असते.” संध्याकाळी तिचा फोन आला, “मामा, आमच्या सरांना घोडा मोजता येत नाही.”

मी नोट्स मागवल्या. इंग्रजी पीडीएफ, फॉन्ट पानागणिक वेगळा. एका पानावर पोटशूळ उठलेल्या घोड्याला उलटी करवावी असं लिहिलेलं. घोडा ओकूच शकत नाही. त्याची अन्ननलिका पोटाला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं उलटं येत नाही, आणि म्हणूनच घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो. तो मजकूर कुत्र्यांच्या कुठल्या तरी पुस्तकातून उचललेला असावा. या नोट्स वाचून कोणी खरंच तबेल्यात उभं राहिलं असतं तर काय झालं असतं!

प्रॅक्टिकलची गंमत वेगळीच. रविवारी मुलांना शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लबवर न्यायचे, तिथे कोणीही पैसे भरून अर्धा तास बसू शकतो. क्लबच्या माणसाला कोर्स-बिर्स काही माहीत नव्हतं, त्याला वाटायचं सहल आहे. फोटो मात्र भरपूर निघायचे. ‘इंडस्ट्री व्हिजिट’ म्हणून पावसाळ्यातल्या शर्यतीच्या दिवशी रेसकोर्सवर नेलं, तेही सार्वजनिक तिकीट काढून, आणि तिकिटाचे पैसे मुलांकडूनच घेऊन. मुलांनी शर्यती पाहिल्या, वडापाव खाल्ला, परत आली. तबेले, दवाखाना, सकाळचा सराव यातलं काही नाही, कारण तिथे आत जायला परवानगी लागते. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी भाची आणि दोन मुलं पत्त्यावरच्या स्टड फार्मच्या फाटकावर गेली तर रखवालदाराने वहीत नावं शोधली, आत फोन लावला आणि सांगितलं की असं कोणी येणार असल्याचं इथे कोणालाच ठाऊक नाही.

मग मी खराडीला गेलो. भिंतीवर त्या ब्रिटिश विद्यापीठाचं पत्र सोनेरी चौकटीत लावलेलं. सगळे पालक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. मी चष्मा लावून वाचलं. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली सही, आणि मधल्या मजकुराचा अर्थ एवढाच, की तुमच्या चौकशीबद्दल आभार, आमच्या अभ्यासक्रमांची माहिती सोबत जोडली आहे. ईमेलने माहिती मागितली की कोणालाही येतं ते उत्तर! तेच छापून चौकटीत. भाचीने त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल केला. उत्तर आलं की आमचं पुण्यात केंद्र नाही आणि या नावाशी आमचा कुठलाही करार नाही. ईमेल फुकट जातो, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

कायद्याचं म्हणाल तर भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यातलं कलम २२. परदेशी विद्यापीठाशी ‘टायअप’ दाखवून परस्पर पदव्या विकणाऱ्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशाराही दिला होता, अशा पदव्या मान्य नाहीत असा. बनावट विद्यापीठांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. पण इथे एक मेख आहे. आमच्याकडची मंडळी विद्यापीठ असल्याचा दावा करतच नव्हती, म्हणून त्या यादीत त्यांचं नाव कधी येणारच नाही. यादीत नाव नाही म्हणजे संस्था चोख, असं समजू नका.

पैसे परत मागितल्यावर पावत्या बाहेर निघाल्या. पावती वेगळ्याच फर्मची, आणि वर छापलेलं ‘करिअर समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही’. शिकवणी, प्रवेश, विद्यापीठ यातला एक शब्द नाही. पोलीस चौकीत त्या माणसाने हेच पुढे केलं, “साहेब, आम्ही सल्ला दिला, सल्ल्याचे पैसे घेतले.” माहितीपत्रक दाखवलं तर म्हणे, यात चूक काय छापलंय ते दाखवा. आम्हाला उपयोगी पडलं ते व्हॉट्सॲप. ‘यूके डिग्री मिळेल, गॅरंटी’ असं त्याने भाचीला स्वतः टाइप केलेलं, आणि इंटर्नशिपच्या ६० हजारांवर फार्मचं नाव लिहिलेलं. त्यावर फसवणुकीचा अर्ज घेतला गेला. पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. यूपीआयने पैसे जाऊन फार वेळ झाला नसेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, खात्यातली रक्कम गोठवता येते. आमचे पैसे तोवर कधीच पुढे गेले होते. मधे ८० हजार परत देतो म्हणून निरोप आला. सोबत ‘कोणतीही तक्रार नाही’ असा स्टँपपेपर तयार! टाइप करणाऱ्याने अक्षरं बरी काढली होती, पण मी सही होऊ दिली नाही.

घोड्यांत काम करायचंच असेल तर वाटा आहेत, फक्त एका ऑफिसात एका कागदावर त्या मिळत नाहीत. रेसकोर्सजवळच्या चहाच्या टपरीवर घोड्यांची देखभाल करणाऱ्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराने भाचीला अर्धा तास समजावलं. “पोरी, जॉकीचं आन् ट्रेनरचं लायसन टर्फ क्लब देतो. जॉकीला वजन पन्नाशीच्या आसपास लागतं. बाकीच्यांना पहाटे चारला उठता यायला पाहिजे.” खरारा, दाणा-वैरण, नालबंदाच्या हाताखाली राबणं, यातूनच तिथे माणूस वर जातो. पगार सुरुवातीला तोकडा. हे त्याने न विचारता सांगितलं, आणि खराडीत ते कोणी विचारूनही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरच व्हायचं तर रस्ता नीटचा. राज्यातली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, आणि आपल्याला जवळचं म्हणजे शिरवळ, पुण्याहून तासाभराच्या अंतरावर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे स्टड फार्म, रेसकोर्सचे दवाखाने, सैन्याचं रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. आपल्या पिंपरीला लसी आणि औषधं बनवणाऱ्या हाफकिनचे घोडे आहेत. थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध बनवतात, तिथेही पशुवैद्य लागतात. परदेशच हवं असेल तर इंग्लंडच्या पदवीला यूकॅसवरून (तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश अर्जाची सेवा) थेट अर्ज करता येतो. शिवाय तिथली विद्यापीठं आपले अधिकृत एजंट स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. त्या यादीत समोरच्याचं नाव आहे का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात.

भाची पुन्हा नीटला बसते आहे. दाजींचे हप्ते चालू आहेत. आणि गेल्या महिन्यात नव्या पाटीच्या जाहिरातीत तीच दिसली. रायडिंग क्लबवरचा फोटो, खाली ‘आमची विद्यार्थिनी, आयर्लंड’. फोटो काढून टाकायची नोटीस मीच टाइप करून पाठवली आहे. ज्यांच्याकडे ‘करिअर समुपदेशन शुल्क’ असं छापलेली घोड्यांच्या कोर्सची पावती असेल त्यांनी ती टाकून देऊ नये, चॅट पुसू नये आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. आतापर्यंत सहा कुटुंबं पुढे आली आहेत. वर्गात मुलं त्याच्या कितीतरी जास्त होती.