मेरियम-वेबस्टरवर ‘प्लुरॅलिटी’: अनुवादकाने नोंद शेवटपर्यंत का वाचावी

मेरियम-वेबस्टर या अमेरिकी इंग्रजी शब्दकोशाच्या मोफत संकेतस्थळावर ‘प्लुरॅलिटी’ (plurality) या शब्दाची नोंद फार मोठी नाही. म्हणूनच अनेकजण पहिली ओळ वाचून ‘बहुलता’ लिहितात आणि पुढे जातात. चूक तिथेच होते.

पहिल्या क्रमांकाखाली तीन छटा आहेत: एकाहून जास्त असणं, पुष्कळ असणं, आणि मोठी संख्या. पहिलीला ‘अनेकत्व’ चपखल बसतं, दुसरीला ‘बहुलता’. दुसरा क्रमांक ख्रिस्ती धर्मसंस्थेतला: एकाच धर्मगुरूने एकाहून अधिक पदं त्यांच्या उत्पन्नासकट सांभाळणं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, याला मनाई केली होती आणि इंग्लंडमध्ये १८३८ साली याच विषयावर कायदा झाला. जुनी कागदपत्रं हाताळणाऱ्यांनाच हा अर्थ लागतो, पण लागतो तेव्हा दुसरा कुठलाच चालत नाही.

खरी मेहनत तिसऱ्या क्रमांकावर घ्यावी लागते. शंभर मतं पडली, तीन उमेदवारांना ४०, ३५ आणि २५ मिळाली असं धरा. चाळीसवाला जिंकला, पण त्याला बहुमत नाही; त्यासाठी ५१ हवी होती. कोशात इथे दोन अर्थ वेगळे दिले आहेत आणि त्यासाठी कोशाला पूर्ण गुण: ती ४० मतं ही प्लुरॅलिटी, आणि दुसऱ्यावरची ५ मतांची आघाडीही प्लुरॅलिटीच. आकड्याआधीचा शब्द पाहा. ‘बाय’ (by) असेल तर बहुधा आघाडी, ‘विथ’ (with) असेल तर मिळालेली मतं. १९९२ मध्ये बिल क्लिंटन सुमारे ४३ टक्के मतांवर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. जनतेच्या मतांबद्दल बोलताना तिथे ‘बहुमताने’ लिहिणं सरळ चूक आहे. ‘सर्वाधिक मतं’ लिहावं, राज्यशास्त्राच्या मजकुरात ‘सापेक्ष बहुमत’.

वापराची वाक्यं ऑनलाइन मजकुरातून आपोआप गोळा केलेली असतात आणि कोणतं वाक्य कोणत्या अर्थाचं हे शेजारी सांगितलेलं नसतं. त्यांच्यावरून अर्थ ठरवू नये. आधी व्याख्या, मग वाक्य. उच्चार ऐकायची सोय चांगली आहे.

दोन ठिकाणी मात्र सर्वसाधारण कोश पुरत नाही. एक, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचं ‘प्लुरॅलिटी ओपिनियन’. नऊपैकी पाच न्यायाधीश निकालावर सहमत, पण कारणमीमांसेवर चारच, पाचव्याची कारणं निराळी. अशा वेळी त्या चौघांच्या मताला हे नाव. ‘बहुमताचं निकालपत्र’ असं भाषांतर केलं तर ज्या कारणमीमांसेला पाच मतं मिळालीच नाहीत, ती मिळाली असं वाचकाला वाटतं.

दुसरं, पेटंटचे दावे, म्हणजे शोधाच्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारी वाक्यं. ‘अ प्लुरॅलिटी ऑफ स्क्रूज’ वाचून ‘मोठी संख्या’ हा अर्थ उचलू नका. पेटंटच्या भाषेत दोन पुरेसे असतात. ‘अनेक स्क्रू’ हेही टाळावं, कारण मराठी कानाला ‘अनेक’ म्हणजे पुष्कळ वाटतं आणि दोनच स्क्रूंचं यंत्र दाव्याबाहेर गेल्यासारखं होतं. ‘दोन किंवा अधिक स्क्रू’ लिहावं, आणि दावा संपेपर्यंत तेच शब्द ठेवावेत.