ड्राफ्टिंगची मुभा की मनाई?

पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर खाडीचा वारा समोरून येऊ लागला की पुढच्या सायकलच्या चाकामागे दडण्याचा, म्हणजेच ड्राफ्टिंगचा, मोह कोणालाही होतो. 2000 पासून ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये (पोहणे, सायकलिंग आणि धावणे अशी सलग शर्यत) ही मुभा आहे. तिथे घोळक्यात टिकणे हेच कौशल्य.

आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या हौशी स्पर्धकांसाठी मात्र पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून 12 मीटरचे, म्हणजे जेमतेम सहा सायकलींच्या लांबीचे, क्षेत्र निषिद्ध असून, त्यात शिरल्यावर 25 सेकंदांत ओलांडून पुढे जावेच लागते, अन्यथा पाच मिनिटांचा दंड बसतो. नवखे चुकतात ते मात्र दुसरीकडेच: आपल्याला कोणी ओलांडले की मागे सरकण्याची जबाबदारी आपलीच असते. वाशी-बेलापूर सरावाला, माझ्या मते, हाच मनाईचा नियम बरा.