मानवी हक्क: स्वतंत्र पेपर ठेवायचा की तीन कॉलेजांनी मिळून शिकवायचं?

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, अभ्यासक्रम नव्याने बसवताना मानवी हक्कांपाशी गाडी अडते. नेहमीसारखा स्वतंत्र पेपर ठेवायचा, की गावातलं लॉ कॉलेज आणि नर्सिंग कॉलेज सोबत घेऊन तिन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकाच केसवर बसवायचं? (वर्षातून दोनदा वकीलसाहेबांना बोलावून व्याख्यान ठेवायचं, ही तिसरी वाट मी धरतच नाही. त्यात शाल-श्रीफळ होतं, शिकणं होत नाही.)

स्वतंत्र पेपर सोयीचा आहे, हे आधी मान्य करू. संयुक्त राष्ट्रांचा 1948 चा मानवी हक्क जाहीरनामा, संविधानातले मूलभूत हक्क, 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते यासारखे बारकावे, सगळं एका सत्रात बसतं. एक शिक्षक पुरतो, वेळापत्रक हलत नाही. विद्यार्थ्यांची कायद्याची पाटी कोरी असेल तर हा पाया हवाच. मात्र दोन हक्क एकमेकांवर आदळले की काय करायचं, ते या पेपरात येत नाही. फील्डवर्कला गेल्यावर पहिल्या महिन्यातच नेमकं तेच समोर येतं.

एकत्र शिकवण्यात काय घडतं ते कागदावरच्या एका केसवरून पाहू. सतरा वर्षांची गरोदर मुलगी आईसोबत सरकारी दवाखान्यात आली आहे. गर्भपात हवा, पोलीस नकोत. लॉचा विद्यार्थी लगेच पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 वर बोट ठेवतो: कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणते, दिवस वाढले की जोखीम वाढते, आधी उपचार. समाजकार्याची विद्यार्थिनी म्हणते, पोलिसांचं नाव काढलं तर या मायलेकी उद्या एखाद्या भोंदूकडे जातील. तिघांचंही खरं आहे. मग शोधाशोध करताना सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2022 चा निकाल हाती लागतो: मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कलम 19 खाली माहिती देताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. पण निकाल बोलतो नोंदणीकृत डॉक्टरांविषयी. मग दवाखान्यातल्या समाजकार्यकर्तीने काय करायचं? इथून पुढचा तास शिक्षकाला फारसं बोलावंच लागत नाही.

नोकरीतही हेच आहे. मुंबईत 1984 पासून पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष समाजकार्यकर्त्या चालवत आल्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली हिंसाग्रस्त बायकांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं, तिथे हिंसाग्रस्त बाईची पहिली ओळख बहुधा डॉक्टर-नर्सलाच पटते. बाल न्याय मंडळात तर न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसवणं कायद्यानेच ठरवून दिलंय.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत. नर्सिंगचा कारभार नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तुमचा दुसऱ्या विद्यापीठाकडे. एकाचे क्रेडिट दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत सहजी चढत नाहीत. वॉर्ड ड्युटी, फील्डवर्कचे दिवस आणि लॉच्या परीक्षा टाळून समान दुपार शोधणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढणं. शिवाय लॉची मुलं बोलत सुटतात आणि नर्सिंगच्या मुली गप्प बसतात. त्यावर उपाय एकच, पहिली दहा मिनिटं नर्सिंगलाच द्यायची. खरी केस वापरायची तर नाव-गाव बदलून भागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी उरलेल्या खुणांवरूनही माणूस ओळखू येतो.

माझं मत विचाराल तर, विभागात दोन-तीनच शिक्षक असतील तर पेपर मोडू नका. फक्त त्यातले अंतर्गत गुण घटक चाचणीला न देता एकत्र केसला द्या. ते तुमच्या हातात असतात, विद्यापीठाची फारशी आडकाठी येत नाही. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे तिन्ही कॉलेजं एका बसच्या अंतरावर आहेत, तिथे मात्र पहिल्या सत्रात थोडा पाया घालून तिसरं सत्र सरळ एकत्र घ्या. दोन्हीकडे एक अट पाळा: समाजकार्याच्या विद्यार्थ्याने लिहिलेला सामाजिक तपास अहवाल (केसमधल्या व्यक्तीच्या घरच्या-भोवतालच्या परिस्थितीचा अहवाल) लॉच्या विद्यार्थ्याने उलटतपासणी घेतल्यासारखा वाचायचा, आणि गुण त्यानंतरच्या दुरुस्त मसुद्याला द्यायचे.